भूत दिसलं म्हण!

मैत्रिणींनो, आता आपल्या परभणी-सेलू-जिंतूरकडेही घरटी एखादं लेकरू पुण्याच्या पलीकडे, नाहीतर पार समुद्राच्या पलीकडे गेलेलं असतं. आमचा मुलगा न्यू जर्सीत असतो. रविवारी सकाळी त्याचा फोन येतो. आपली सकाळ असते तेव्हा त्यांच्याकडे शनिवारची रात्र. मुलगा पाच मिनिटं बोलतो, सून दहा मिनिटं बोलते आणि मग फोन नातीच्या हातात जातो. ती चौदा वर्षांची आहे. तिचं मराठी मोडकंतोडकं आहे, पण बोलायची हौस दांडगी.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधीच्या रविवारी मी चकलीच्या भाजणीचं धान्य निवडत बसले होते. फोन समोर डब्याला टेकवून ठेवला होता. नात सांगत होती, ३१ ऑक्टोबरला त्यांचं हॅलोविन. म्हणजे मुलं भुताखेतांची सोंगं घेतात, मुखवटे लावतात आणि घरोघर फिरून गोळ्या-चॉकलेटं गोळा करतात. दारात भोपळा कोरून आत दिवा ठेवायचा. (एवढाले भोपळे कोरून टाकून देतात म्हणे. मला आपले घारगेच आठवत राहिले.) तिच्या मैत्रिणी तिच्याकडे जमणार होत्या आणि गाणी लावायचं काम हिच्याकडे होतं. तिने मला एक गाणं ऐकवलं. १९६२ सालचं, 'मॉन्स्टर मॅश' नावाचं. त्या वर्षी ऑक्टोबरात ते तिकडे पहिल्या क्रमांकावर गेलं होतं, आणि हॅलोविन आलं की रेडिओवर अजूनही लागतं. एक माणूस सिनेमातल्या भुतासारखा आवाज काढून गातो. मला गंमत वाटली. आपल्याकडे भुताचं गाणं म्हणजे एखाद्या बाईने आळवून गायलेलं. तिकडे भुतंसुद्धा रॉक अँड रोलवर नाचतात!

"आजी, आता हे ऐक. हे हिंदी आहे ना?"

गिटार वाजली, मागोमाग ड्रम. आणि मी मुगाच्या डाळीत हात घातलेला तसाच राहिला.

'गुमनाम' मधलं ते क्लबातलं नाचाचं गाणं. महंमद रफींचा आवाज, शंकर-जयकिशनचं संगीत. सिनेमा १९६५ चा. दिग्दर्शक राजा नवाथे, आणि नायिका आपल्या मास्टर विनायकांची नंदा. २००१ साली अमेरिकेत 'घोस्ट वर्ल्ड' नावाचा सिनेमा निघाला, त्याची सुरुवातच या गाण्याने होते, असं नातीने सांगितलं. (नावात घोस्ट असलं तरी त्यात भूत काही नाही.) तिला ते तिथे सापडलं. मला ते साठ वर्षांपूर्वी परभणीतल्या आमच्या वाड्यात सापडलं होतं. तिथेही भूत नव्हतं. नव्हतं हे मीच ओरडून सांगितलं होतं. तीच गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

आमचा वाडा माळवदाचा. पुढे ढाळज, मग चौक, चौकाच्या कडेने दोन बिऱ्हाडं, मागे आम्ही. १९६३ साली आजोबांनी नांदेडहून फिलिप्सचा रेडिओ आणला. आता तुमच्या मुलांना सांगून पटणार नाही, पण रेडिओ घरात येणं म्हणजे एखादं लग्नकार्य निघाल्यासारखं होतं. पोस्टातून परवाना काढायचा, त्याची दरवर्षी फी भरायची. माळवदावर दोन बांबू उभे करून तांब्याच्या तारेची जाळीची एरियल ताणायची. रेडिओला आईने कशिद्याचा अभ्रा शिवला होता, बातम्यांच्या वेळी तो देवाच्या पडद्यासारखा वर जायचा.

बटण फिरवलं की लगेच आवाज येत नसे. आतले लॅम्प तापायला अर्धा मिनिट लागायचं. मग समोरच्या गोल काचेत हिरवा डोळा उजळायचा. स्टेशन नीट लागलं की त्यातली सावली बारीक व्हायची आणि हलली की पसरायची. आम्ही पोरं त्या डोळ्याकडे बघत बसायचो.

दिवसा मुंबई केंद्र आमच्याकडे नीट लागत नसे. कुठे मुंबई, कुठे परभणी! अंधार पडला की दूरदूरची स्टेशनं जवळ यायची. वातावरणाच्या वरच्या थरावर आदळून रेडिओच्या लहरी खाली येतात आणि रात्री लांबवर पोचतात, हे मी पुढे शाळेत शिकले. तेव्हा वाटायचं, रात्र झाली की आवाज सुटतात. सिलोन तर असं यायचं की गाणं ऐकता ऐकता मोठं व्हायचं, मग कुणीतरी ते उचलून नदीपलीकडे नेल्यासारखं बारीक व्हायचं, मधे खरखर, शिट्टी, कुठली तरी अगम्य भाषा, आणि पुन्हा गाणं कानाशी.

सिलोनच का, तर त्यालाही कारण होतं. १९५२ साली बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले. ते आपले मराठीच. त्यांना सिनेमाची गाणी हलकी वाटत, म्हणून आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली. शास्त्रीय संगीत ऐका म्हणे. शास्त्रीय संगीत चांगलंच, पण भाजी निवडताना माणसाला जरा ठेका लागतो की नाही? लोकांनी सुई सिलोनकडे वळवली. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी उभारलेलं दांडगं प्रक्षेपण यंत्र तिथे होतं. त्याच वर्षी ३ डिसेंबरला अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. मुंबईत बोलणं ध्वनिमुद्रित व्हायचं, फिती कोलंबोला जायच्या आणि तिथून समुद्र ओलांडून गाणं परत आपल्याच घरी यायचं. सरकारने शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती काढली, पण तोवर सिलोनची सवय लागून गेली होती.

आमच्या घरी मात्र नियम होता. बातम्या आणि नाट्यसंगीत सगळ्यांसाठी, सिनेमाची गाणी कुणासाठीच नाही. त्यातून 'रॉक अँड रोल' हा शब्द आजोबांना फार लागायचा. १९५७ च्या 'आशा' मधलं ते ईना-मीनाचं गाणं कुणाच्या तोंडी आलं की ते म्हणत, "माकडचेष्टा!" ती माकडचेष्टा पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांनी, म्हणजे आपल्या सी. रामचंद्रांनी केली होती, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. अशा गाण्यांमागे ट्रंपेट, सॅक्सोफोन वाजवणारे बहुतेक गोव्याचे असत. म्हणजे परकं त्यात फारसं नव्हतंच.

आता आत्याबद्दल. वडिलांची धाकटी बहीण. सतराव्या वर्षी लग्न, एकोणिसाव्या वर्षी विषमज्वराने नवरा गेला आणि ती परत आमच्याकडे आली. मी सांगते त्या साली ती चोवीस वर्षांची होती. पांढरं पातळ, मोकळं कपाळ, आणि घरातलं सगळ्यात जास्त काम. सासरी तिचं नाव बदललं होतं. माहेरी परत आल्यावर ते नवं नाव कुणाच्या तोंडी बसेना आणि जुनं नाव घेणं कुणाला बरं वाटेना. मग आम्हा पोरांची आत्या ती सगळ्यांचीच आत्या झाली. आजीसुद्धा पोटच्या लेकीला 'आत्या' म्हणून हाक मारायची. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. आज लिहिताना हात अडखळतो.

आजोबांचं सगळं घर कीर्तनाला गेलं की आत्या लेकरं सांभाळायला घरी. आम्ही झोपलो की ती रेडिओ लावायची, अगदी हळू आवाजात. दिवा लावायची नाही, बिऱ्हाडकरूंना उजेड दिसू नये म्हणून. कधी कधी मी जागी असले तर मला शेजारी बसवून घ्यायची. अमीन सायानींच्या बोलण्याची तिला फार मौज वाटायची. "बघ, हा मनुष्य आधी 'बहनो' म्हणतो, मग 'भाइयो'," ती म्हणायची. "आपल्याकडे आधी पुरुषांची पंगत!"

'महल' सिनेमाच्या गाण्याची हकीकतही तिनेच मला सांगितली. १९४९ चा सिनेमा, खेमचंद प्रकाश यांचं संगीत, आणि पछाडलेल्या हवेलीत ऐकू येणारं ते गाणं. आवाज लांबून जवळ यावा म्हणून लताबाई खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभ्या राहून गायल्या आणि गात गात मायक्रोफोनकडे चालत आल्या. पण तबकडीवर गाणारीचं नाव छापलं 'कामिनी'. सिनेमातल्या पात्राचं! ऐकणाऱ्यांनी रेडिओला पत्रांवर पत्रं पाठवली, ही कोण गाते म्हणून. तेव्हा कुठे रेडिओवरून लता मंगेशकर हे नाव सांगितलं गेलं. ही हकीकत आत्याने मला एकदा नाही, दहादा सांगितली असेल. मला त्यातलं भूत आवडायचं. तिला काय आवडायचं ते मला फार उशिरा कळलं.

१९६६ साल. त्या वर्षी दिवाळी उशिरा, नोव्हेंबरच्या मध्याला होती. कोजागिरी होऊन चार-पाच दिवस झाले असतील. मी नऊ वर्षांची. थोरला भाऊ अकरा वर्षांचा, आणि मला 'भित्री भागूबाई' म्हणून चिडवण्यात पटाईत. चौकापलीकडे पिंपळ होता, त्यावर मुंजा आहे असं त्यानेच मला सांगून ठेवलं होतं. घरातली सगळी मोठी माणसं विठ्ठलाच्या देवळात कीर्तनाला गेलेली.

मला मधेच जाग आली. शेजारची आत्याची वाकळ रिकामी. उठून माजघराच्या दारात आले आणि काय पाहते! काळोखात एक हिरवा डोळा. डोळ्यासमोर एक पांढरी बाई, केस मोकळे, पाय जमिनीला लागतात न लागतात अशी डोलत होती. आणि बारीक, लांबून आल्यासारखी गिटार, ड्रम, आणि कुणीतरी पुरुष बेभान होऊन गातोय.

मी जी किंकाळी फोडली, ती ढाळजेपर्यंत गेली असेल.

आत्याने झडप घालून रेडिओ बंद केला. मला पोटाशी धरलं. तिच्या छातीची धडधड मला ऐकू येत होती. तोवर दोन्ही बिऱ्हाडांतल्या बाया कंदील घेऊन दाराशी. कडी वाजायला लागली. आणि नेमकं त्याच वेळी कीर्तन आटोपून घरची मंडळी चौकात आली.

आत्या माझ्या कानाशी लागली. "भूत दिसलं म्हण. तेवढंच म्हण, माझी बाय. भूत दिसलं म्हण."

दार उघडलं. कंदिलाचा उजेड आत आला. "काय झालं गं माय? कामून ओरडलीस?" शेजारच्या काकूंनी विचारलं. आणि त्यांच्या पाठीमागून भाऊ पुढे आला, हसत हसत म्हणाला, "भूत दिसलं असेल भागूबाईला!"

बायांनो, तिथे माझं चुकलं. मला खरं बोलायची काही चाड होती असं नाही. मला फक्त भित्री ठरायचं नव्हतं. मी मान ताठ करून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "भूत-बीत काही नव्हतं. आत्या रेडिओ लावून नाचत होती."

कुणी काही बोललं नाही. आजोबा आत गेले आणि त्यांनी रेडिओच्या पाठीवर हात ठेवला. लॅम्पचा रेडिओ बंद केला तरी बराच वेळ गरम राहतो.

आत्याला कुणी मारलं नाही, टाकून बोललंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी सुतार आला. रेडिओला बसेल असं सागवानी कपाट त्याने केलं, त्याला कुलूप लागलं आणि किल्ली आजोबांच्या जानव्याला गेली. बातम्यांपुरतं कपाट उघडायचं. बिऱ्हाडकरू बाया पाणी भरताना एकमेकींना कोपरं मारायच्या, तेवढंच. मला मात्र भावाने त्या दिवसापासून भागूबाई म्हणणं सोडलं. माझं काम झालं होतं.

त्या वर्षीची दिवाळी मला आठवते. आत्याने रात्ररात्र बसून अनारसे केले, एकही हसला नाही की विरघळला नाही. (अनारशाच्या पिठात गूळ जास्त झाला की तो तळणीत विरघळतो, तुम्हाला माहीत आहेच.) माझ्याशी ती पहिल्यासारखीच वागत होती. वेण्या घालायची, पाढे घ्यायची. गोष्टी मात्र सांगेनाशी झाली. 'महल' ची हकीकत मी एकदा मुद्दाम विचारली, तर म्हणाली, "विसरले बघ."

१९७१ साली आजोबा गेले आणि किल्ली वडिलांकडे आली. त्यांनी कपाटाचं दारच काढून टाकलं. पुढे घरात ट्रान्झिस्टर आला, सकाळी भक्तिगीतं, दुपारी विविध भारती, सगळं सगळ्यांसाठी खुलं झालं. आत्या त्या खोलीत थांबायची नाही. गाणं लागलं की काहीतरी काम काढून मागच्या अंगणात जायची. माझ्या लग्नानंतर पहिल्या मानाच्या साडीऐवजी मी तिच्यासाठी एक छोटा ट्रान्झिस्टर नेला होता. तिने तो हातात घेतला, पदराने पुसला आणि म्हणाली, "छान आहे गं. तुझ्या स्वयंपाकघरात ठेव."

मी माफी मागितली का? मागितली. पण वीस वर्षांनी. १९८७ ची दिवाळी, मी माहेरी गेले होते. आम्ही दोघीच अंगणात मेथी निवडत होतो. मला एकाएकी बोलवलं. "आत्या, त्या रात्री मी भूत म्हणायला हवं होतं."

तिने जुडी खाली ठेवली नाही. देठ मोडत मोडत म्हणाली, "नाचण्याचं काही नाही गं. ते आज ना उद्या कळलंच असतं. पण तू ओरडलीस ना, तेव्हा फर्माइशीचा कार्यक्रम चालू होता. मी कार्ड टाकलं होतं."

"कुठलं कार्ड?"

"तूच नाही का पेटीत टाकून आलीस, शाळेला जाताना."

मला आठवलं. तिने माझ्या दप्तरात पोस्टकार्ड ठेवलं होतं, कोपऱ्यावरच्या लाल पेटीत टाक म्हणून. मला वाटलं मावशीला असेल. फर्माइशीचे कार्यक्रम तुम्हाला आठवतात ना? गाण्याआधी नावांची ही लांबलचक माळ. झुमरी तलैयाचे अमुक अमुक, आणखी कुठल्या कुठल्या गावांचे लोक. साऱ्या हिंदुस्थानात नाव ऐकू जायचं.

"कोणतं गाणं मागितलं होतंस? तेच, 'गुमनाम' मधलं?"

"ते आधीचं कुणीतरी मागितलेलं चालू होतं. ठेका असा होता की बसवेना, म्हणून उठले." ती जराशी हसली. "मी काय मागितलं ते आता आठवतही नाही. कुठलंही चाललं असतं. नाव लागायचं होतं."

"कोणतं नाव लिहिलंस?"

"माझं. पहिलं."

ते त्या रात्री लागलं की नाही, कोण सांगणार? कदाचित पुढच्याच मिनिटाला लागलं असेल आणि आमच्या बंद रेडिओतले लॅम्प थंड होत असतील. कदाचित कार्ड पोचलंच नसेल. मी हे तिला बोलून दाखवलं तर ती म्हणाली, "जाऊ दे. मेथी पाहा, किड्या आहेत."

आत्या २०११ साली गेली. त्याच्याही आधी, दूरदर्शनवर 'गुमनाम' लागला तेव्हा मी तो पाहिला होता. नाचणारे आणि वाजवणारे सगळे डोळ्यांवर मुखवटे लावून असतात. लक्ष्मी छाया मानेला असे झटके देते की आपलीच मान दुखावी. हर्मन बेंजामिन पडद्यावर गाणं म्हणतो. आत्याने तो सिनेमा कधी पाहिला नाही. ती नुसत्या आवाजावर नाचली होती.

तर हे सगळं मी त्या रविवारी नातीला सांगितलं. मधे मधे इंग्रजी शब्द घालून, 'विधवा' म्हणजे काय ते समजावून. ती गप्प बसून ऐकत होती. भाजणीची डाळ तशीच पडली होती. मग तिने विचारलं, "आजी, पण तिचं नाव काय होतं?"

मी सांगितलं.

तिने ते म्हणून पाहिलं. चुकलं. ळ तिला म्हणताच येत नाही. मी पुन्हा सांगितलं. तेवढ्यात फोन अडखळला, चित्र गोठलं, आवाज तुटून लांब गेला आणि परत आला, अगदी सिलोनसारखा. ती पलीकडून तेच नाव म्हणत होती, मोठ्याने, पुन्हा पुन्हा, मला ऐकू येतंय की नाही म्हणून.

"येतंय," मी म्हटलं. "आणखी एकदा म्हण. ळ नीट म्हण."